'आय फील लव्ह' सूर न् सूर जुळवूनही निर्जीव का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की गायिका डॉना समरचं 'आय फील लव्ह' हे १९७७ सालचं गाणं तुम्ही लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने बांधून पाहिलं. टेम्पो जुळला, बेसचे सूर जुळले, जुन्या सिंथेसायझरचा आवाज देणारं सॉफ्टवेअरही विकत घेतलं. तरी मूळ गाणं लागलं की पाय हलतात आणि तुमचं लागलं की हलत नाहीत. त्यावरून तुम्ही विचारता, की जे गाणं मुळात यंत्रानेच वाजवलं, ते पुन्हा यंत्रानेच वाजवलं तर फरक का पडावा? आणि बेसच्या एकाच तुकड्यावर पाच-सहा मिनिटं चालणाऱ्या या गाण्याला लोक एवढं का मानतात? हे जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक गाणं होतं म्हणून?

मी मुंबईत तीसेक वर्षं रेकॉर्डिस्ट म्हणून काम केलं. त्यातली पहिली काही वर्षं टेपवर गेली. त्या अनुभवावरून मला वाटतं, तुमची खरी अडचण सुरांची नाहीच. "यंत्रानेच वाजवलं" हे जे तुम्ही गृहीत धरलंय, तिथे ती आहे. म्हणून आधी ते गाणं कसं बनलं ते नीट सांगतो. तुमच्या फाइलकडे नंतर येऊ.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही तुलना कशाशी करताय? अल्बमवरचं रूप सहा मिनिटांच्या आत संपतं, बारा इंची रेकॉर्डवरचं सव्वाआठ मिनिटांचं आहे आणि पॅट्रिक कावली याने पुढे लांबवलेलं रूप पंधरा मिनिटांच्या वर जातं. तिन्हींचा जोर वेगळा आहे. शिवाय ऐकता कशावर, यावरही बरंच अवलंबून आहे. मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकत असाल तर या गाण्याची निम्मी करामत तुमच्यापर्यंत पोचतच नाही. का ते पुढे येईलच. आधी चांगले हेडफोन लावा.

तर, म्युनिक. हे गाणं तिघांचं. संगीतकार-निर्माता जॉर्जिओ मोरोडर हा इटलीच्या उत्तर टोकाच्या डोंगराळ भागातला, त्याचा जोडीदार पीट बेलॉट इंग्लंडचा आणि डॉना समर अमेरिकेतल्या बॉस्टनची. १९६८मध्ये ती एका अमेरिकन संगीतिकेच्या जर्मन प्रयोगात काम करायला म्युनिकला आली आणि पुढे तिथेच राहिली. तिचं मूळ आडनाव गेन्स. 'समर' हे तिच्या ऑस्ट्रियन नवऱ्याच्या 'सोमर' या आडनावाचं बदललेलं रूप. या तिघांनी १९७५मध्ये 'लव्ह टू लव्ह यू बेबी' हे जवळपास सतरा मिनिटांचं गाणं करून अमेरिकेत नाव मिळवलं होतं. काम चालायचं ते आराबेला नावाच्या उंच इमारतीच्या तळघरातल्या म्युझिकलँड स्टुडिओत.

१९७७च्या 'आय रिमेंबर यस्टरडे' या अल्बमची कल्पना अशी होती की वेगवेगळ्या गाण्यांनी गेल्या काळातल्या वेगवेगळ्या संगीताची आठवण जागवायची आणि शेवटच्या गाण्यात भविष्यातलं संगीत ऐकवायचं. त्या वेळच्या डिस्कोत व्हायोलिनांचा ताफा, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), जिवंत बेस गिटार हे सगळं असायचंच. मोरोडरने ठरवलं, भविष्यात हे काही नसेल, सगळं सिंथेसायझरवर करायचं. त्यासाठी त्याने म्युनिकमधला संगीतकार एबरहार्ड शोनर याच्या मालकीचा मोठा मॉड्युलर मोग, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून चालणारा सिंथेसायझर, वापरला. (आपल्याकडे 'मूग' म्हणतात, ज्याच्या नावावरून हे यंत्र ओळखलं जातं तो बॉब स्वतःचं आडनाव 'मोग' असं उच्चारायचा.) यंत्राबरोबर शोनरचा साहाय्यक रॉबी वेडेलही आला. या गाण्याच्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या माणसाबद्दल. गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव कुठेच नाही.

वेडेलने काय केलं ते सांगतो. मोगच्या सिक्वेन्सरमध्ये सुरांची एक छोटी ओळ बसवता येते आणि यंत्र ती पुन्हा पुन्हा वाजवतं. पण अशी एक ओळ टेपवर घेतल्यावर दुसरी ओळ तिच्या वेगाशी जुळवायची कशी? हाताने सुरू केलेलं यंत्र काही सेकंदांतच पुढे-मागे होतं. वेडेलने सोळा ट्रॅकच्या टेपवरचा सोळावा ट्रॅक राखून ठेवला आणि त्यावर फक्त टक-टक असा इशारा भरला. पुढचा प्रत्येक थर घेताना मोग तोच इशारा ऐकून चालायचा. त्यामुळे दहाव्यांदा घेतलेला थरही पहिल्या थराला काटेकोर चिकटून बसायचा. मोरोडर आणि बेलॉट यांना हे करता येतं हेच तोवर माहीत नव्हतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये हे आपोआप होतं, त्यामुळे ते किती नाजूक होतं याची कल्पना येणार नाही. मी शिकाऊ असताना एका स्टुडिओत आमची चोवीस ट्रॅकची टेप होती आणि शेवटच्या ट्रॅकवर असाच वेळेचा संकेत भरलेला असायचा. एका रात्री जागा कमी पडली म्हणून शेजारच्या तेविसाव्या ट्रॅकवर ताशा घेतला. ताशाचा आवाज संकेतात झिरपला, सिक्वेन्सर मधेच अडखळायला लागला आणि सकाळी गायक यायच्या वेळी सगळा रिदम विस्कटलेला होता. संकेताच्या शेजारचा ट्रॅक रिकामा ठेवायचा असतो हे मी त्या रात्री शिकलो. म्युनिकच्या त्या तळघरात याहूनही कमी साधनांवर हे काम झालं. म्हणून वेडेलबद्दल बोलताना मला राहवत नाही.

दुसरी अडचण सुराची होती. मोग तापायला लागला की त्याचा सूर सरकतो. वीस-तीस सेकंद घ्यायचे, थांबायचं, पुन्हा सुरात आणायचं, टेप जरा मागे नेऊन तिथूनच पुढे चालू करायचं. अशा तुकड्यांनी ते गाणं पुढे सरकलं. मी मूळचा मिरजेचा. आमच्या गल्लीत तंबोरे बनायचे. जुळवलेल्या तंबोऱ्याकडे कान लावून बसलेला कारागीर मी लहानपणापासून पाहिलाय. तार जरा उतरली की मणी हलवायचा, जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे करायचा, पुन्हा ऐकायचं. तंबोरा तासभर तेच चार सूर वाजवतो आणि तरी कंटाळा येत नाही. जवारीमुळे त्या एकाच सुरातून दर छेडीला वेगळे स्वर डोकावतात आणि चारही तारा कधीच शंभर टक्के एकसारख्या नसतात, म्हणून. या गाण्यातल्या बेसकडे मी त्याच कानाने ऐकतो. तुम्ही म्हणता तो 'एकच तुकडा' दर वेळी अगदी तसाच येत नाही. तो वीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत, पुन्हा पुन्हा जुळवलेल्या यंत्रातून आलाय.

आता हेडफोनची गोष्ट. बेसची मूळ ओळ डाव्या बाजूला आहे आणि तीच ओळ किंचित उशिराने उजव्या बाजूला येते. प्रत्येक सुराच्या पाठोपाठ त्याची सावली येते. दोन्ही मिळून जी धडधड तयार होते ती कुठल्याच एका बाजूला नाही, ती मधोमध, तुमच्या डोक्यात तयार होते. हेडफोनची एक बाजू काढून ऐका, मग दुसरी काढून ऐका. दोन्ही वेळा गाणं अर्धं झाल्यासारखं वाटेल. तुमच्या फाइलमध्ये तुम्ही दोन्हीकडचे सूर एकाच ट्रॅकवर लिहून मधोमध ठेवलेत, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. कागदावर सूर तेच, पण ती चमक गेली.

हाय-हॅटही, म्हणजे ड्रमच्या झांजांचा आवाजही, मोगचाच आहे. व्हाइट नॉइज, म्हणजे स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर, तिचे बारीक तुकडे करून तो बनवला. पण मग किक ड्रमपाशी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमपाशी, गाडी अडली. मोगमधून निघणाऱ्या ठोक्याला वजन येईना. तेव्हा कीथ फोर्सी या ड्रमरला बसवलं आणि किक त्याच्या पायाने वाजली. "यंत्राचं गाणं" म्हणून प्रसिद्ध झालेल्या या गाण्याचा पाया माणसाच्या पायाने घातलाय. यंत्राच्या काटेकोर ओळीखाली माणूस तेच चार ठोके मिनिटामागून मिनिट मारत राहतो तेव्हा प्रत्येक ठोका केसभर वेगळा पडतो. कधी हलका, कधी क्षणभर आधी. तुम्हाला ते मोजता येणार नाही, पण शरीराला कळतं. ढोलकीवाला ठेका धरून बसलेला असतो तेव्हा तो काही नवं वाजवत नसतो, तरी आपण डोलतो, ते याचमुळे.

आणि मग तिचा आवाज. बेलॉटने नंतर सांगितलंय की शब्द लिहायला तो तिच्या घरी गेला तेव्हा ती फोनवर आपल्या ज्योतिषाशी बोलत होती, आणि ती बराच वेळ आलीच नाही, म्हणून बसल्या बसल्या त्यानेच शब्द पुरे केले. शब्द मोजकेच आहेत. ती मात्र ते कशी गायली हे पाहा. बॉस्टनच्या चर्चमध्ये गात मोठी झालेली ही बाई. छातीतून, पूर्ण ताकदीने गाणं तिला सहज जमत होतं. इथे तिने ते केलंच नाही. वरच्या पट्टीत, हलक्या आवाजात, तरंगल्यासारखी ती गाते आणि सूर लांबच लांब ओढते. खाली सेकंदाला आठ-साडेआठ टिचक्या पडतायत आणि वर ती एकच सूर धरून बसलीय. आपल्या भजनात टाळ चौपटीत चालू असतात आणि बुवा एखादं अक्षर सोडायलाच तयार नसतात, तसं. दोन वेगवेगळ्या गतींचे काळ एकाच वेळी चालतात, आणि ऐकणारा त्या दोहोंच्या मधल्या जागेत उभा राहतो. माझ्या मते या गाण्याचा प्राण तिथे आहे. यंत्र जितकं कडक, तितका तिचा आवाज सैल वाटतो. तिचा आवाज जितका सैल, तितकं यंत्र कडक वाटतं. एक काढून घेतलं तर दुसरं मरतं. तुमच्या फाइलमध्ये गाणं नाही, फक्त साथ आहे. ती एकटी निर्जीव वाटली यात तुमची फारशी चूक नाही.

आता तुमच्या "पहिलं इलेक्ट्रॉनिक गाणं?" या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. १९६८मध्येच वेंडी कार्लोस यांनी मोगवर बाखच्या रचना वाजवून मोठं यश मिळवलं होतं. जर्मनीतल्याच टॅन्जरिन ड्रीम या बँडने १९७४पासून सिक्वेन्सरच्या आवर्तनांवर अख्खे अल्बम उभे केले होते. १९७४मध्येच क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं 'ऑटोबान' आलं आणि १९७७मध्ये, या गाण्याच्या थोडं आधी, त्यांचं 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'. खुद्द मोरोडर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून मोग वापरत होता. मग नवं काय? बाकीचे बहुतेक हे संगीत बसून ऐकायला करत होते, किंवा एखाद्या गाण्यात सिंथेसायझरचा चटका देत होते. इथे व्हायोलिन नाही, ब्रास नाही, गिटार नाही, किक सोडली तर जवळपास सगळी साथ सिंथेसायझरची आहे. आणि ती नाचण्यासाठी आहे, तिच्यावर चर्चमधून आलेला एक आवाज आहे. हे सगळं एकत्र जुळून आणि तेही सबंध जगात गाजलेलं हे गाणं. 'पहिलं' या शब्दासाठी भांडत बसू नका. बहुतेक वेळा त्यातून भांडणाशिवाय काही निघत नाही.

गाजलं कसं ते थोडक्यात. अमेरिकेत हे आधी एका संथ गाण्याच्या मागच्या बाजूला छापून निघालं होतं. मग बाजू बदलली. ब्रिटनमध्ये जुलै १९७७मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं; अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. त्याच वर्षी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी बर्लिनमध्ये संगीतकार ब्रायन ईनोबरोबर काम करत होता. बोवीने पुढे सांगितलेली आठवण अशी: ईनो धावत आला, त्याने ही रेकॉर्ड लावली आणि भविष्याचा आवाज सापडला असं सांगितलं. पुढची पंधरा वर्षं क्लबमधलं संगीत या एका गाण्याने बदलेल, असंही ईनो म्हणाला. आपल्या मते हे बरंचसं खरं ठरलं, असं बोवीनेच पुढे म्हटलं.

मी स्वतः असं म्हणेन की पंधरा वर्षांचा अंदाज कमीच पडला. त्याचं कारण मला सुरात दिसत नाही, खर्चात दिसतं. ही गोष्ट लोक फार बोलत नाहीत म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी कामाला लागलो तेव्हा हिंदी चित्रपटाच्या एका गाण्याला पन्नास-साठ वादक बसायचे. व्हायोलिनवाले, चेलो, ब्रास, रिदमवाले, अरेंजर, नोटेशन लिहिणारे. तो आवाज अप्रतिम असायचा. पण एखाद्या गरीब पोराला घरी बसून तो काढता येणं शक्यच नव्हतं. अमेरिकेतल्या डिस्कोचंही तसंच होतं. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घ्यायला सुरुवात केली. व्हायोलिनांचे ताफे बसवायला पैसा उरला नाही. पण 'आय फील लव्ह'ने दाखवलेला रस्ता ताफ्यावर अवलंबून नव्हता. १९८०मध्ये रोलंडचं ड्रम मशीन आलं, त्यापाठोपाठ त्यांचं छोटं बेस मशीन आलं, १९८३मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलतील अशी मिडी पद्धत आली. वेडेलने टेपच्या सोळाव्या ट्रॅकवर जे केलं होतं ते आता एका तारेने होऊ लागलं. मग ज्या शिकागोत रेकॉर्डी उडवल्या, त्याच शिकागोत काही वर्षांत कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या क्लबमधून हाउस हे यंत्रांवरचं नाचाचं संगीत उभं राहिलं, आणि डेट्रॉइटमध्ये त्याचंच भावंड, टेक्नो.

मधला दुवा म्हणून पॅट्रिक कावलीचं नाव घेतलंच पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या या तरुणाने १९७८च्या सुमारास, कुणाची परवानगी न घेता, हे गाणं लांबवलं. स्वतःच्या सिंथेसायझरचे थर त्यात घातले आणि ते पावणेसोळा मिनिटांपर्यंत नेलं. हे रूप सुरुवातीला डीजेंच्या हातोहात फिरलं आणि १९८२मध्ये अधिकृतपणे बाजारात आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कावली एड्सने गेला. वय फक्त बत्तीस. ते रूप ऐकताना मला नेहमी वाटतं की त्याला मूळ गाणं संपूच द्यायचं नव्हतं. तुम्ही ते एकदा रात्री, एका बैठकीत, मधे न थांबवता ऐका.

पुढची नावं भराभर सांगतो. स्पार्क्स या जोडीने हे गाणं ऐकून मोरोडरला गाठलं आणि १९७९मध्ये त्याच्याबरोबर अख्खा अल्बम केला. ब्रॉन्स्की बीट आणि मार्क आमंड यांनी १९८५मध्ये याचं केलेलं रूप ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. बियॉन्सेने २०२२च्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात याचीच चाल गुंफली. मे २०१२मध्ये डॉना समरचं निधन झालं आणि त्यानंतर आठवड्याभरातच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत या गाण्याचा समावेश जाहीर केला.

भारताबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८२मध्ये मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटांतल्या वादकाने रोलंडची नवी यंत्रं घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड केली. खाली ड्रम मशीन आणि बेस मशीनची अखंड धडधड, आणि वर सिंथेसायझरवर भैरवी, ललत, भूप, तोडी, मालकंस. त्या वेळी ती फारशी कुणी विकत घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, कारण शिकागोत अॅसिड हाउस (हाउसचाच एक प्रकार) म्हणून ज्या आवाजाची ओळख ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात झाली, तसाच आवाज मुंबईत आधीच निघाला होता. ही रेकॉर्ड 'आय फील लव्ह'मधून जन्मली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, आणि अशी ओढूनताणून जोडलेली नाती मला आवडतही नाहीत. पण कधीही न थांबणाऱ्या धडधडीवर लांब सूर कसा उभा करायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. ज्या माणसाने तंबोऱ्यावर राग ऐकलाय त्याला तो प्रश्न नवा वाटायचं कारण नाही. 'आय फील लव्ह' शेजारी ठेवून ती ललत ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता तुमची फाइल. मी तुमच्या जागी असतो तर सूर मुळीच बदलले नसते. पहिल्यांदा बेसचा एकच ट्रॅक ठेवा, तो पूर्ण डावीकडे न्या, आणि त्याचा डिले, म्हणजे उशिराने येणारी नक्कल, पूर्ण उजवीकडे. १२८च्या टेम्पोला (मिनिटाला १२८ ठोके) सोळांशाचा, म्हणजे एका ठोक्याच्या चौथ्या भागाचा, अवधी साधारण ११७ मिलिसेकंद येतो. तिथून सुरुवात करा आणि मग आकड्याकडे न बघता कानाने पुढे-मागे करा. ज्या जागी दोन्ही बाजू मिळून एकच वाद्य वाजतंय असं वाटायला लागेल तिथे थांबा. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा ठेवा. उजवीकडचा जरा जरी खाली गेला तरी तो नुसता प्रतिध्वनी वाटू लागतो.

मग सिंथेसायझरचा सूर थोडा सुटू द्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रासारखा सूर सरकवण्याची सोय असते, पण ती सबंध गाण्यावर सारखी लावू नका. बेस वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांत स्वतंत्र घ्या. दर तुकड्याआधी फिल्टर (आवाज उजळ किंवा मंद करणारं बटण) हाताने जरासा वेगळा ठेवा, आणि तुकडे जोडताना सांधा लपवायच्या फार मागे लागू नका. हे वेळखाऊ आहे, मला माहीत आहे. पण म्युनिकमध्येही ते असंच झालं होतं, आणि त्या वेळाचा आवाज गाण्यात उतरलाय.

किकसाठी ड्रमवाला मित्र असेल तर त्याला बोलवा आणि पाच मिनिटं न थांबता फक्त किक वाजवायला सांगा. दोन मिनिटांनंतर त्याचा पाय जिथे बसतो तो भाग वापरा. पहिली दोन मिनिटं तो विचार करून वाजवत असतो. एकाच चांगल्या ठोक्याची नक्कल करून सबंध गाणं भरायचा मोह होईल, तो टाळा. ड्रमवाला नसेल तर टेबलावर माइक ठेवून हाताच्या मुठीने ठोके घ्या आणि त्यांच्याच जागा पाहून सॅम्पल, म्हणजे आधी मुद्रित केलेला किकचा आवाज, बसवा. मी हे एका जाहिरातीच्या कामात केलंय. ऐकणाऱ्यांना कळलं नाही की किक सॅम्पलची आहे.

आणि शेवटचं, जे मला वाटतं सर्वांत आधी करायला हवं: वर आवाज घ्या. तुमचा चालेल, बहिणीचा चालेल, शब्द नसले तरी चालतील, नुसता आकार लावला तरी पुरे. फक्त गाणाऱ्याला सांगा की तालाबरोबर धावू नको, खाली काय चाललंय ते विसर आणि सूर जेवढा टिकेल तेवढा धर. गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये हाय-हॅट बंद ठेवा, नाहीतर तो नकळत त्याच्या मागे जाईल. त्याला फक्त किक आणि जमलं तर तंबोऱ्याचा षड्ज द्या. असा एक टेक घ्या, मगच बेसचा आवाज पुन्हा जुळवायला बसा, आणि दोन्ही फाइली पाठवा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी ठेवून पाठवा, म्हणजे डिले नेमका कुठे बसलाय ते मला ऐकता येईल.